बीजेचं उधाण

रिपोर्टात काहीच नव्हतं.
कणकवलीच्या लॅबची गुलाबी फाईल
आईने तांदळाच्या डब्यावर ठेवली,
जणू आत माझ्या खरेपणाचा पुरावा होता,
किंवा खोटेपणाचा.
हिमोग्लोबिन तेरा पूर्णांक आठ. थायरॉईड जागेवर. साखर जागेवर.
छातीचा फोटो काढणारा खूश होऊन म्हणाला,
"रापणकराची छाती आसा ही."

ती छाती घेऊन मी
त्याच्याच जिन्याच्या सहाव्या पायरीवर बसून राहिलो,
चपलेचा पट्टा लावायचं नाटक करत.

भाद्रपदात ताप आलेला, सगळ्या वाडीला.
सगळ्यांचा गेला. माझाही गेला.
जाताना काय घेऊन गेला
ते मोजायचं यंत्र जिल्ह्यात नाही.

रात्रभर झोपतो आणि रात्रभर दोर ओढल्यासारखा उठतो.
एकदा नांगर हा शब्द आठवेना.
बोटं वाकवून, हात खाली सोडून दाखवला.
पुतणी टाळ्या वाजवत म्हणाली, आता माझी पाळी.

गजाबा म्हणाला, "तुका आळस भरलो हा."
भाऊ वाईट नाही.
माझ्या बाजूचा दोर त्याच्या खांद्यावर आला, एवढंच.

मालवणचे डॉक्टर म्हणाले, मनावर घेऊ नका,
रोज चाला, थोडं थोडं वाढवा.
शहाण्यासारखा चाललो. रामेश्वराच्या देवळापर्यंत, मग तिठ्यापर्यंत.
त्या दिवशी काही झालं नाही. घरी येऊन चहासुद्धा केला.
तिसऱ्या दिवशी घसा धरला, काखेत गाठी,
कौलाच्या फटीतला उजेडही डोळ्यांना खुपू लागला.
नऊ दिवस.
चालण्याने असं होत नाही, डॉक्टर म्हणाले.

ग्रामीण रुग्णालयात नव्या आलेल्या शबनम मुकादम.
फाईल त्यांनी आधी उघडलीच नाही.
"दमता कधी? काम करताना, की नंतर?"
चार वर्षांत किती विचारणारे पुष्कळ भेटले.
कधी, हे पहिल्यांदा.

मी म्हटलं, मॅडम, उधाण अवसेला नसतं.
चंद्र ओढतो, पण पाणी लगेच ऐकत नाही.
अवस होऊन जाते, कालनिर्णयाचं पान सुकं,
आणि बीजेला पाणी माडाच्या मुळाशी येतं.
माझं तसं आहे.
सोमवारी बादली उचलतो, बुधवारी बुडतो.

त्यांनी केसपेपरवर लिहिलं: बीजेला.
मग इंग्रजी नाव सांगितलं, लांबलचक.
नावं दोन आहेत म्हणाल्या, आणि दोन्हींवर भांडणं.
"पेशीत ताकद तयार होते तिथे काही अडत असावं.
ताप गेल्यावरही शरीर लढतच राहत असेल कदाचित.
नक्की कुणाला माहीत नाही. मलाही नाही.
पण हे आहे. तुम्ही रचलेलं नाही."

औषध?
नाही, म्हणाल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या.
"एक वही करा. आणि दमायच्या आधी थांबा."

दमायच्या आधी!
रापणीत असं कोण थांबतं?
पाण्यात चंदेरी खळबळ दिसली की तळहात जळतात,
आणि खरा जोर तिथूनच लावायचा असतो.
हे शिकायला मला बापाने सात वर्षं घालवली होती.
ते विसरायला किती लागतील, वहीत रकाना नाही.

आज रापण ओढली. मी सुरूखाली, खुर्चीवर.
तांडेलाने अर्धा वाटा पाठवला, सोळा बांगडे.
गजाबा घेऊन आला, दारातच घुटमळला.
"तुझी बीज कधी?"
परवा, म्हटलं.
"मगे परवा पाणी मी भरतंय."

वहीत लिहिलं:
बसणं, दीड तास. दोर, नाही.
जाळं काठाला लागलं तेव्हा न कळत उभा राहिलो, ओरडलो.
किती वेळ, ते लक्षात नाही.
परवा कळेल.