खिडकी क्रमांक तीन

नारायण पेठेत आमच्या दैनिकाच्या तळमजल्यावर
छोट्या जाहिरातींची खिडकी. मी तिथे एकतीस वर्षं.
सकाळी हरवले-सापडले, भाड्याने देणे आहे.
दुपारी चारनंतर गेलेली माणसं.

श्वास थांबतो तो सगळ्यांचा सारखाच,
पण मराठीत मेलेला कुठे वस्तीला गेला
ते घरचे ठरवतात.
मी एवढंच विचारायची, "कै. की वै.?"
लोक रडता रडता अचूक सांगायचे.

गुलटेकडीहून ओसवाल आले, आजीचं द्यायला.
"निधन नको. संथारा पूर्ण झाला, असं घ्या. ठळक."
मिरवणूक निघायची होती, बँड ठरला होता.
नातू मागे रेंगाळला. म्हणाला,
"शेवटी काहीतरी म्हणाली हो.
पाणी म्हणाली का पारस,
नीट ऐकू नाही आलं."

मोमीनपुऱ्यातून एकजण, हातात बहिणीचा फोटो.
"शहीद लिहा."
मी विचारलं, "सैन्यात होत्या?"
"बाळंतपणात गेली. आमच्यात तीही शहीद."
मी पेन खाली ठेवलं. माझी आई अशीच गेली होती,
आणि आमच्याकडे त्याला नुसतंच
नशीब म्हणाले होते.

घोरपडीची एक मुलगी, सासऱ्यांबरोबर.
सासऱ्यांनी वीरगती लिहून आणलं होतं, सुंदर अक्षरात.
तिनं सही केली. जाताना वळून म्हणाली,
"तो रजा मागत होता."
हे छापायचं नव्हतं.

घरी जाताना नदीकाठच्या पारावर एक दगड लागतो.
कोपरात वाकलेला हात, मनगटभर बांगड्या.
बायका कुंकू लावतात. मीही लावलंय.
ती गेली की तिला नेलं,
एवढं कोरायला जागा उरली नसावी.

शेजारच्या टेबलावर सुलभा ओहोळ.
तिच्या आजोबांना पाद्र्यांनी
दफनभूमीच्या भिंतीबाहेर ठेवायला लावलं होतं;
आपल्या हातानं गेलेला माणूस, आत चालत नव्हता.
पुढे जागा कमी पडली,
भिंत दहा हात सरकवली,
आणि आजोबा आत आले.
कुणी क्षमा मागितली नाही, कुणी केली नाही.
गवंड्याचं काम.

मग एका मंगळवारी दापोडीचे खरवडे.
दारूगोळा कारखान्यातून निवृत्त, शर्ट इस्त्रीचा.
फॉर्म पूर्ण भरलेला: निनाद, वय चोवीस,
पत्ता, वार, वेळ.
मधली एक जागा कोरी.
"इथे काय घालतात, असं असेल तर?"

असं म्हणजे कसं, मी विचारलं नाही.
"गुरुजी म्हणाले, अशाचं सुतक धरत नाहीत.
नारायणबळी करून घ्या म्हणाले, ते करू.
पण सुतक नाही म्हणजे काय हो, बाई?
मग घरात हे जे बसलंय, ते काय आहे?"

माझ्याकडे सगळे शब्द होते.
देह ठेवला, देहत्याग, अनंतात विलीन,
पंचेचाळीस रुपये शब्द, फोटोचे वेगळे.
एकही त्याच्या मापाचा नव्हता.
शेवटी मीच लिहिलं,
'आमचा निनाद गेला. सकाळचा चहा तोच करायचा.'
वाचून त्यांनी मान हलवली. पैसे मोजून दिले.

दुसऱ्या दिवशी अंक उघडला तर
रात्रपाळीच्या कुणीतरी नियमाप्रमाणे सुधारलेलं:
चिरंजीव निनाद यांचे दुःखद निधन.
वर मागच्याच ओळीत कुणी कैलासवासी,
खाली कुणी निवृत्त मुख्याध्यापक.

मी माफीची वाक्यं जुळवत होते, तेवढ्यात फोन आला.
"बाई, पाहिलं," म्हणाले.
"सगळ्यांसारखं आलंय."
बराच वेळ काही बोलले नाहीत.
मागे कुणीतरी गॅस पेटवत होतं,
लायटर लागत नव्हता,
खट, खट.
"तेच बरं झालं."