धोट्याचं फूल

मेडिकलमध्ये, मे महिन्यात, नेत्र विभागाची ती अंधारी खोली.
कूलर तेवढा चालू.
हनुवटी इथे टेका, कपाळ पट्टीला लावा, मी म्हणते.
झिबलाजी हेडाऊ, वय एकाहत्तर, तांडापेठ.
टेकतात. पण मान अजून मागावर आहे,
डावीकडून उजवीकडे किंचित जात राहते.

उजेडाची फट अरुंद करते मी, पात्याएवढी,
आणि न दुखवता डोळा कापते.
आधी अश्रूंची पाजणी. मग पारपटल
(बाहेरच्या बाकावर सगळ्यालाच बुबुळ म्हणतात),
अर्ध्या मिलिमीटरचं, रक्ताचा थेंब नसलेलं.
मागे पाण्याची लहानशी खोली,
तिच्या भिंतीशी तपकिरी पडदा, मधोमध भोक,
आणि आत, जुन्या मेणासारखं पिवळं भिंग.

चारच्या ठिकाणी पांढरा डाग.
"धोटा उसयला होता. अठ्ठ्याहत्तर साल.
फूल पडलं डोयात.
पन मॅडम, बाकीचं काहून साफ हाय?"

तेही दोरेच आहेत, मी सांगते.
दोनशेवर थर, प्रत्येक आधीच्यावर आडवा,
दोऱ्यादोऱ्यात अंतर सारखं,
म्हणून उजेड कुठे अडत नाही.

बराच वेळ काही नाही.
कूलरचा पंप खोकतो.
"ताना-बाना," ते म्हणतात.
"अन् इतं तार तुटली, तं गाठ मारली कोनं तरी घाईत.
गाठ दिसतेच. लुगड्यातबी दिसते."

सांगायचं राहतंच
की मागे पेशींचा एकच थर आहे,
कूलरच्या उलटा पंप,
जो रात्रंदिवस पाणी बाहेर उपसतो;
तो थकला तर सगळं कापड फुगून धुरकट होतं
आणि त्याला मेस्त्री नाही.

गाठ निघते का, विचारतात.
निघत नाही. तेवढं कापड बदलतात,
कुणी गेल्यावर दिलेलं मिळालं तर.
"दुसऱ्यानं विनलेलं?"
पापणी एकदा मिटते, उघडते.
"पोत जमन का?"

जमतो बहुतेक, म्हणते मी,
आणि त्या गोल काचेत मला मी दिसते,
मोहरीएवढी, दिव्यामागे बसलेली,
डागाशी जरा मोडलेली.

केसपेपरवर वर्तुळ काढायचं,
चारच्या ठिकाणी राखाडी ठिपका,
बाजूला इंग्रजीत दोन शब्द.
ठिपक्याऐवजी माझ्या हातून
एकमेकांवरून गेलेल्या दोन रेघा पडतात.
खोडत नाही.
बाहेर कुणीतरी पुढचा नंबर पुकारतं.