तेरावा दंड

एल्गोइबारच्या खोऱ्यात नदीला अंग पसरायला जागा नाही,
दोन डोंगरांमध्ये कारखाने एकमेकांच्या खांद्यावर चढून उभे.
आमचा सगळ्यांत खाली.
पावणेसहाला माझ्या टेबलावर चाळीस दंड,
रात्रपाळीचे, अजून कोमट.

तेराव्यावर एक पट्टा होता,
राखाडीवर फिकट राखाडी,
नागमोडी, बुडापासून टोकापर्यंत गिरक्या घेत गेलेला.
खिडकीकडे तिरका धरला की दिसायचा,
सरळ धरला की नाही.

अरिस्मेंदी साहेब म्हणाले, वरवरचं आहे, नेकाने,
ग्राइंडिंगमध्ये जाईल.
मी कानस घेतली.
गडद भागावर ती घसरली, काचेवरून घसरावी तशी.
फिकट भागावर अडली,
आणि चिमूटभर चकाकता कीस
बोटाला लागून आला.
मग चौदावा. पंधरावा.
पुढच्या सगळ्यांच्या अंगावर तोच साप.

गारिकोइत्स कपडे बदलत होता.
एकतीस वर्षं पोलादाला पाणी देतोय हा माणूस.
मी काही बोलायच्या आत
त्यानं दंड हातातून घेतला,
अंगठ्याचं नख पट्ट्यावरून फिरवत नेलं,
घरचं वळण ओळखावं तसं.

"फेरे कमी केले मी. साडेबाराला."

कॉइल आपल्या चालीनं वर सरकत राहिली,
दंड आळसावून फिरत राहिला,
लाल झालेल्या कातडीला आच मिळाली,
पाणीही मिळालं,
पण सगळीकडे सारखं नाही.
"का?" मी विचारलं.
त्यानं कानातलं यंत्र काढून तळहातावर ठेवलं,
वाटाण्याएवढं, नवीन.
मुलीनं बिल्बाओहून आणून दिलेलं.
"आता सगळंच ऐकू येतं.
तीनशे फेऱ्यांना हे मशीन
इतकं किंचाळतं,
मला माहीतच नव्हतं."

अहवालात मी लिहिलं: फेरे अपुरे, अठ्ठावीस नग बाद.
कारणाचा रकाना
दुपारपर्यंत रिकामा ठेवला,
मग भरला. भरावाच लागतो.

त्या रात्री तो आला, यंत्र खिशात घातलं,
काटा तीनशेवर नेला
आणि झाकणावर पंजा टेकवून उभा राहिला
पूर्वीसारखा, हातानं ऐकत.

सकाळी चाळीस दंड. मी प्रत्येक तिरका धरला.
एकरंगी, मुका राखाडी.
तरी कानस फिरवलीच.