शहाण्णव

आचल दुकानात येते दिवाबत्तीनंतर,
तळहातावर लोखंडी पाइपाचे घट्टे.
पाइपाच्या दोन्ही टोकांना रंगाचे डबे, आत सिमेंट.
"काका, सोयावडी. पन्नास गरम. काटा नीट पाहा."

वजन साठ किलो, गुणिले एक पूर्णांक सहा,
म्हणजे रोजची शहाण्णव ग्रॅम प्रथिनं.
हे तिनं माझ्याच उधारीच्या वहीच्या
मागच्या पानावर मांडलंय.
वडीचे सव्वीस. दोन अंड्यांचे बारा.
मूठभर फुटाण्यांचे...
"काका, मूठ तुमची का माही?"

मग काट्यावर दोन मुठी ओतल्या.
माझी तीस भरली,
तिची अडतीस.

घरी वरण असतं. पळी फिरवली की तळ दिसतो.
माय म्हणते, डाळ त रोजच खातं, अजून काय पायजे तुले?
आणि पळीभर जास्त वाढते.
ते आचल मांडत नाही वहीत.

दुकानावरून सोयाबीनचा ट्रॅक्टर गेला,
तिच्याच बापाचा, मानोऱ्याच्या मोंढ्याकडे.
तिथून कारखान्यात. तेल निघतं,
उरलेलं फुगवून, पुडक्यात बसून
येतं माझ्या फळीवर,
आणि मी ते तिला ग्रॅमवर विकतो.
ती धुरळा बसेपर्यंत पाहत राहिली.
"म्हंजे बाबाचंच खातो मी. लांबून फिरवून."

काल मी गुपचूप
चिमूटभर फुटाणे वरून टाकले.
तिनं पुडी उघडली,
मोजून परत काढले.
"नाही काका,
हिशेब बिघडते."