कानशीचे दात

अजमानच्या जुन्या औद्योगिक भागात,
टायरवाला आणि खुबूसची भट्टी यांच्या मधोमध
आमचं वर्कशॉप. इथे टॉवर बनतात.
चाळीस मजले, माझ्या मांडीएवढे,
पायथ्याशी पेराएवढी झाडं
आणि झाडांखाली माणसं, ज्यांना तोंड नसतं.

जुम्म्याला मशीन बंद. एसी चालू ठेवतो,
माझ्यासाठी नाही, कानशींसाठी.
ऑगस्टची हवा इथे एका रात्रीत गंज चढवते.
समुद्र दोन किलोमीटर लांब आहे, पण तो येतो.

वर्तमानपत्र पसरतो. मल्याळी; वाचता येत नाही
म्हणून त्याच्यावर घाण करायला काही वाटत नाही.
मग एकेक: चपटी, गोल, अर्धगोल, तीनधारी,
आणि ती शेपटीसारखी बारीक,
जिला आम्ही सगळे उंदीर म्हणतो.

पितळी तारांचा ब्रश दातांच्या तिरक्या ओळीनं,
आडवा कधीच नाही.
अॅक्रिलिक वितळून बसलंय तिथे
पितळेच्या पट्टीचं टोक रेटायचं.
चार वेळा रेटलं की पट्टीलाच दात फुटतात,
कानशीच्या मापाचे,
मग ती खाचेखाचेतून आपसूक जाते.
हे खोतभाईंनी दाखवलं. कासम खोत, मुक्काम हर्णै.
"दोघांपैकी एकानं नरम असलं पाहिजे," म्हणायचे.
घरी त्यांचं कुणाशीच पटत नसे, ते जाऊ दे.

कागदावर भुकटी पडते.
पांढरी, खाडीवरच्या हॉटेलची.
निळी, त्या तळ्याची, ज्याचा रंग
मालकानं तीनदा बदलायला लावला.
पिवळसर, मशिदीच्या दाराची. दार नखाएवढं,
तासायला दोन दिवस.
आणि करडी, त्या जुळ्या टॉवरांची
जे कधी उभेच राहिले नाहीत.
मालक पळाला. मॉडेल माळ्यावर पडून आहे,
दिवे अजून लागतात.
जगात त्या इमारतींचं तेवढंच,
आणि ही चिमूटभर.

मग खडू. शाळेतला साधा खडू दातांवरून घासायचा,
म्हणजे पुढच्या वेळी कीस अडकत नाही.
खडू मी चिपळूणहून आणतो. इथेही मिळतो. तरी आणतो.
कस्टमवाल्यानं एकदा डबा उघडला,
एक मोडला, हुंगला,
"टीचर?" म्हणाला. मी हो म्हटलं.

बोथट झालेली कानस रात्रभर व्हिनेगरमध्ये.
सकाळी बुडबुडे, वास, सोड्याच्या पाण्याची आंघोळ,
लगेच कोरडी करायची, वरून तेलाचं बोट.
नखावर टेकवली तर धरते.
दात परत येतात.

अंगठ्यावरच्या रेषा नाही येत.
गेल्या महिन्यात कार्डाच्या नूतनीकरणाला
काचेवर अंगठा ठेवला. यंत्र म्हणालं, पुन्हा.
पुन्हा. कपाळाचा घाम लावून पुन्हा.
काउंटरवरच्या मुलीनं ओला रुमाल पुढे सरकवला.
"काम काय करतोस?"
मी हातानं करून दाखवलं:
पुढे रेटायचं, परत येताना उचलायचं.
कानस फक्त जाताना कापते.
येताना घासली तर तिचेच दात जातात.
तिला ते कितपत कळलं कोण जाणे.
तिनं एकेक बोट मागितलं. डावी करंगळी चालली.
म्हणजे सध्या या देशात
मी डाव्या करंगळीवर आहे.

सगळ्या पुसून कापडी खिशांत, एकेकीला वेगळा खिसा.
एकमेकींवर आपटल्या तर धार जाते.
उंदीर सगळ्यात शेवटी.
भुकटी कागदासकट गुंडाळून बाहेर आलो
तर भट्टीवाला पठाण दारात उभा,
पुडीत काय म्हणून विचारतोय.
म्हटलं, चार इमारती.
तो हसला नाही.
कचऱ्याचा पिंप तिकडे, म्हणाला.