विषय क्रमांक सात

रॅडरबीच्या विजेच्या खांबावर
पिवळा कागद एकवीस दिवस लटकत होता,
प्लास्टिकच्या पाकिटात, आत थोडं पाणी शिरलेलं.
‘घर क्रमांक अठरा. मागील बाजूस दुमजली वाढ.’
कुत्री फिरवणाऱ्यांनी तो वाचला,
वाचलाच नाही असं दाखवलं
आणि घरी जाऊन कौन्सिलला पत्रं लिहिली.

एकतीस पत्रं. मी सगळ्यांना नंबर घातले.
एकात होतं, आमच्या घरांचे भाव पडतील.
हे विचारात घेता येत नाही.
एकात, ती माणसं इथली नाहीत.
(ती लीड्सची. गाडीने पाऊण तास.)
हे तर नाहीच नाही.
एकात नुसतं, तिथून मला टेकडी दिसते.
दृश्यावर कुणाचाही हक्क नसतो, असा नियम आहे.
वीस वर्षं मी तो टाइप करते
आणि दरवेळी त्यात एक अक्षर चुकतं.

मंगळवारी सदस्य जागा बघायला गेले,
मिनीबसमधून अकरा जण, बाराव्याला सर्दी.
ओल्या गवतात ऑफिसच्या बुटांनी उभं राहून
त्यांनी हवेत पाहिलं, जिथे भिंत होणार होती तिथे.
क्वेंटिन आर्मिटेजने बांबू उभा धरला होता,
टोकाला बायकोचा लाल स्कार्फ.
‘एवढी उंच,’ तो म्हणाला.
वाऱ्याने बांबू डुलत होता,
त्यामुळे भिंतही जरा इकडेतिकडे होत होती.

गुरुवारी संध्याकाळी सभागृहात
एकाच बाजूचा हीटर चालू,
म्हणून विरोध करणारेही
अर्जदारांच्या मांडीला मांडी लावून बसले.

मिस प्रिथरो, नियोजन अधिकारी, हिने नकाशा लावला.
शेजारच्या खिडकीच्या मध्यातून
पंचेचाळीस अंशांची रेघ काढली.
रेघ भिंतीला लागली नाही, बोटभर अंतर राखून गेली.
‘उजेडाची घट स्वीकारार्ह. शिफारस, मंजुरीची.’

मग वीस नंबरचे एडविन थ्वेट उठले.
प्रत्येकाला तीन मिनिटं. घड्याळ माझ्याकडे.
आधी त्यांनी चष्मा शोधला, कोटाच्या चारही खिशांत.
तोवर मी घड्याळ सुरू केलं नव्हतं.
हे इतिवृत्तात नाही.
म्हणाले, फेब्रुवारीत दहा वाजून वीस मिनिटांनी
आमच्या स्वयंपाकघरात ऊन येतं
आणि अकराला दहा कमी असताना जातं.
तेवढा वेळ मार्जरी खुर्चीत बसते.
‘बसायची,’ त्यांनी सुधारलं.
‘खुर्ची तिथेच आहे.’
आणि दीड मिनिट शिल्लक ठेवून खाली बसले.

ब्रॉनी आर्मिटेजने कागद आणला होता, वाचला नाही.
खाली सासूबाईंसाठी न्हाणीघर, वर मुलीची खोली.
मुलगी आता आजीच्या पलंगाशी गादी टाकून झोपते.
आजी रात्री ओरडते.
सकाळी शाळेत मुलगी बाकावर डोकं टेकते.
तिचीही मिनिटं उरली.

यावर चर्चा झाली ती पन्हळीची.
हिल्डा स्पॉफर्थबाईंना कळायला हवं होतं
पावसाचं पाणी कुठल्या नाल्यात जाणार.
पंधरा मिनिटं पाणी कुठे जाणार.
मला वाटतं, खोलीतल्या सगळ्यांना
त्या पाण्याचा मोठा आधार वाटला.

सहा हात वर. मग पाच.
विटा जुन्या विटांशी जुळत्या.
पश्चिमेच्या खिडकीला धुरकट काच.
सकाळी आठच्या आधी हातोडा नाही.
परवानगीची मुदत तीन वर्षं.
‘एका रहिवाशाने उजेडाबाबत म्हणणे मांडले.
नोंद घेण्यात आली.’
मी नोंद घेतली.

दिवे मालवून बाहेर आले तेव्हा
आठ चाळीसची बस गेलेली होती
आणि थांब्यावर थ्वेट एकटेच, चष्मा अजून डोळ्यांवर.
आर्मिटेजची गाडी त्यांच्यापुढून गेली,
थांबली, मागे आली.
बराच वेळ काही झालं नाही.
मग ब्रॉनी उतरून मागच्या सीटवर गेली
आणि थ्वेट पुढे बसले, टोपी गुडघ्यावर.
काच वर जाताना मला एवढंच ऐकू आलं,
‘विटा कुठून आणणार?’