मधला गंधार

अंब्रोज रणपिशांनी मजुरी दिली नाही, पास दिला.
छावणीच्या चर्चची पायपेटी मी लावून दिली होती,
भात्याला उंदरांची भोकं, सतरा रीड गंजलेले.
"पैसे पुढच्या महिन्यात," म्हणाले, "तोवर शनिवारी ये.
जुन्या पलासियात, कोचिंग क्लासच्या खाली."

तळघर. भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले.
म्हातारे आम्ही दोघेच, मी आणि ते.
त्यांना स्टूल उंच झालं, तर एका पोरानं
वरून चाकांची खुर्ची आणली,
आणि ती सरकू नये म्हणून चाकाखाली
स्वतःची चप्पल सारली.

म्हणाले, गाणं माझं नाही.
शंभर वर्षांमागचं, फार लांबचं, कापूस वेचणाऱ्यांचं.
"मी गिरणीत सत्तावीस वर्षं, विणखात्यात.
म्हणजे कापूस तोच, असं धरा."
पोरं हसली. ते हसले नाहीत.
वायर लावली. काहीतरी भोंग्यासारखं घुमलं आणि बसलं.

मी सवयीनं पेरांवर मोजत होतो.
बारा घरं. बाराव्याला वळून पुन्हा दारात.
एवढंच? एवढ्याशा चौकात
माणूस रात्रभर फिरणार कसा?

मग त्यांनी तिसऱ्या बोटानं तार वर ढकलली.

कोमल गंधार मला माहीत आहे. शुद्धही.
पन्नास वर्षं कानशीनं दोघांना
आपापल्या जागी बसवतोय.
हा त्यांच्या मधे उभा होता, उंबऱ्यावर,
आत येऊ का, असं न विचारता.
पेटीत त्याला पट्टी नाही.
सारंगीवाल्यांना ठाऊक असेल,
ते आम्हा पेटीवाल्यांशी बोलत नाहीत.

दुसऱ्या फेरीला बोट थरथरलं,
वयानं की मुद्दाम, कळेना.
गायले. आवाज फाटका, अर्धे शब्द दाढेखाली.
कुणी सोडून गेलंय, पहाट आहे,
एवढं मला इंग्रजीतूनही समजलं.
पुढचं आठवेना, किंवा नको वाटलं असेल:
ओळ तोंडानं सुरू केली
आणि तारेला संपवू दिली.
मागून कुणीतरी, "क्या बात भिया!"

बूट तेवढा चुकत नव्हता.
खट, खट, फरशीवर.
धोटा थांबून तीस वर्षं झाली
हे त्या पायाला अजून कुणी सांगितलेलं नाही.

निघताना मला म्हणाले, "पायपेटी छान वाजते रे.
जरा जास्तच सुरात."

आज सकाळी टिल्लूंच्या पेटीचा गंधार
मुळाशी एक हात जास्त घासला गेला.
वाजवून पाहिला. पुन्हा वाजवला.
दुकानात कुणी नव्हतं, म्हणून तिसऱ्यांदाही.

टिल्लूंना नवा रीड बसवून दिला, त्याचे पैसे लावले नाहीत.
बिघडलेला खिशात आहे,
किल्ल्यांबरोबर.